गावात आपल्या मागे राबणाऱ्या माणसांना तुम्ही प्रेम कसं दाखवता?

पडवी (गुहागर, सध्या डोंबिवली)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस हा विषय मनात घोळतोय, आज लिहूनच टाकते. आपल्यातल्या निम्म्या लोकांचं पोट मुंबई-पुण्यात आणि घर गावाला, कुणाचं गुहागरला, कुणाचं देवगडला, कुणाचं श्रीवर्धनला. कुलूप उघडतं ते शिमग्याला, मे महिन्यात आणि गणपतीत. पण घर टिकतं ते मधल्या दिवसांत कुणीतरी तिकडे लक्ष ठेवतं म्हणून. कोकणातल्या पावसात बंद घराचं काय होतं ते सगळ्यांनी आपापल्या वाडीत बघितलंय, आधी एक कौल सरकतं, मग वासा कुजतो, मग भिंत फुगते आणि मग रान आत येतं.

आमच्याकडे लक्ष ठेवणाऱ्या म्हणजे शेजारच्या काकी. तिन्हीसांजेला आमच्या तुळशीपुढे दिवा त्या लावतात, माकडांनी कौलं फोडली की फोन त्यांचाच येतो, मिरगाच्या आधी कौलं परतायला माणूस त्याच शोधतात, नारळ पाडणाऱ्याच्या मागे लागून माड साफ करून घेतात आणि गणपतीला आम्ही पोचायच्या आत अंगण सारवलेलं, पाणी भरलेलं, जळणाची लाकडं पडवीत आणून रचलेली. नात्यातल्या नाहीत हो त्या. आणि आमच्याकडून दरवर्षी काय जातं तर एक साडी आणि मिठाईचा बॉक्स. साडी ट्रंकेत जाते आणि मिठाई वाडीत वाटली जाते.

मला मनापासून वाटतं की कौतुक करायचं तर नेमक्या कामाचं करावं आणि माणूस समोर बसलेलं असताना करावं. "तुम्ही आहात म्हणून आम्ही निर्धास्त" हे सगळेच म्हणतात, ते ऐकून ऐकून कानावरून जातं. या मे महिन्यात मी काकींना म्हटलं, मागच्या बाजूला जिथे गळायचं तिथे तुम्ही भर उन्हात उभं राहून पत्रा मारून घेतलात म्हणून बाबांची पुस्तकांची पेटी वाचली, बाबा सारखं तेच बोलत असतात. आधी "त्यात काय एवढं" झालं. मग जरा वेळाने आपणहून सांगायला लागल्या, पत्रा शृंगारतळीहून कसा आणला, टेम्पोवाल्याशी भाड्यावरून कशी हुज्जत घातली, सुताराला दुपारी जेवायला घालून कसा थांबवून ठेवला. काय खुलून बोलत होत्या! चहा निवून गेला तरी थांबेनात.

तर तुम्ही काय काय करता ते सांगा. फक्त गणपतीपुरतं नाही, रोजचं पण. आणि काकी-मामाच नाही, कुणीही, एसटीवाला, पोस्टमन, आशाताई, घरातली माणसं.


काजूगर (दापोली)

छान धागा. माझ्या डोक्यात लगेच वायरमन आले.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या दापोली-मंडणगडकडे काय झालं ते इथल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. माड-पोफळी आडव्या, विजेचे खांब मोडून पडलेले, तारा आगरात लोंबतायत, कित्येक दिवस गावंच्या गावं अंधारात. त्यात करोना. तेव्हा बाहेरच्या जिल्ह्यांतून महावितरणची माणसं येऊन भर पावसात खांब उभे करत होती. आमच्या वाडीतल्या बायकांनी आळीपाळीने त्यांना भाकरी-कालवण पोचवलं, पण त्यांना जेवणाहून जास्त बरं कशाचं वाटलं माहितीय? आईने चुलीवर पाणी तापवून दिलं आंघोळीला आणि त्यांचे ओले कपडे चुलीच्या वर दोरीला वाळत घातले. त्यातला एक जण म्हणाला की घरून निघाल्यापासून कोरडे कपडे अंगाला लागले नव्हते. त्या माणसाला काय हवंय ते आईने बघितलं, आपल्याला काय द्यावंसं वाटतं ते नाही.

तेव्हापासून आईची एक सवय झालीय. पावसात रात्री लाईट गेली की अख्खा गाव आमच्या नेहमीच्या वायरमनला फोन करतो, कधी येणार कधी येणार. आई लाईट आल्यावर करते. "आली हो लाईट. आता घरी जा आणि जेवा." एवढंच, दहा सेकंदांचा फोन. तो आमच्या घरावरून जाताना गाडी थांबवून आईची विचारपूस केल्याशिवाय पुढे जात नाही.


निळाई (रत्नागिरी)

काजूगर, तुमच्या आईंना नमस्कार सांगा माझा. मी आजपासून हे करणार.


सड्यावरचा (देवगड)

विषय चांगला आहे पण मला थोडं वेगळं वाटतं. आपल्या माणसांना असं तोंडावर कौतुक झेपत नाही. आपल्याकडे प्रेम बोलून दाखवायची रीतच नाही, ते हातातून जातं. माझ्या आजोबांनी आजीला एक गोड शब्द बोललेला मी ऐकला नाही, पण झाडावरचा पहिला पिकलेला हापूस देवाला ठेवून झाला की दुसरा तिच्या हातात जायचा, आम्ही नातवंडं रांगेत उभी असलो तरी. त्यांची बहीण मालवणला दिलेली. दर मेमध्ये त्यांच्या लाडक्या झाडाचा कापा फणस सुतळीने बांधून ते एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचे आणि तिकडून त्याच पिशवीतून सुके बांगडे किंवा सोडे यायचे. चिठ्ठी नाही काही नाही. वानवळा म्हणजे दुसरं काय आहे? शेजारणीने डब्यातून काळ्या वाटाण्याची उसळ दिली तर तो डबा आपण रिकामा परत पाठवत नाही, निदान चार ओले काजूगर, दोन आमसुलं तरी घालतोच. त्या डब्यात सगळं आलं, वेगळं बोलायची काय गरज?


पडवी

सड्यावरचा, आजोबांचं वाचून डोळ्यात पाणी आलं. वानवळ्याबद्दल दुमतच नाही. पण डबा दोन्हीकडून फिरतो तिथे ठीक, दोघी एकमेकींच्या बरोबरीच्या. काकी आमच्यासाठी जे करतात त्याच्या बदल्यात मी काजूगर कुठून घालू? मी तिथे नाहीच आहे. म्हणून मला बोलावंसं वाटतं.


वस्तीची_गाडी (लांजा)

नावावरून कळलंच असेल, वडील एसटीत ड्रायव्हर होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, वस्तीची गाडी म्हणजे संध्याकाळची शेवटची गाडी जी आडगावात जाऊन रात्री तिथेच थांबते आणि पहाटे तिथूनच सुटते, ड्रायव्हर-कंडक्टर रात्री गाडीत नाहीतर देवळात नाहीतर शाळेच्या व्हरांड्यात झोपतात. बाबांची अर्धी नोकरी अशी गेली. त्यांच्या तोंडून गावांची नावं निघायची ती तिथे काय मिळालं त्यावरून. अमुक गावात एक आजी पहाटे पेज आणि लोणच्याची फोड घेऊन गाडीपाशी यायच्या, तमुक वाडीत थंडीत गोधडी आणून द्यायचे, एका ठिकाणी शाळेतली पोरं गाडीची पुढची काच पुसून ठेवायची. पगार, बदल्या, वरिष्ठ यातलं काही आता त्यांना आठवत नाही फारसं, पण त्या आजींच्या पेजेत खोबरं असायचं हे अजून सांगतात.

रिटायर झाले तेव्हा शेवटच्या ड्युटीला एका गावाने गाडीला झेंडूचं तोरण बांधलं होतं, सकाळच्या अंधारात बांधलं त्यांनी ते. बाबांना बोलता येईना. त्या तोरणाला खर्च काय आला असेल, घरच्या परड्यातली फुलं होती ती.

एक सुचवतो. 1 जून 1948 ला पुणे-नगर अशी पहिली एसटी धावली म्हणून 1 जूनला एसटीचा वाढदिवस असतो. आमच्या वाडीतली पोरं त्या दिवशी पहिल्या गाडीच्या ड्रायव्हर-कंडक्टरला नारळ आणि चहा देतात. तुमच्याकडे अजून गाडी येत असेल तर करून बघा. आणि त्यांचं नाव विचारा हो, त्या नावानं हाक मारा, लोक "ओ कंडक्टर"च म्हणत राहतात वर्षानुवर्षं.


कौलारू (कुडाळ)

सड्यावरचा म्हणतात तेही खरं आणि पडवीताई म्हणतात तेही. लाजणाऱ्या माणसाला तोंडावर कौतुक केलं की तो उठून गोठ्यात निघून जातो, आमचा थोरला काका तसाच. "माका कित्याक सांगतंस, ह्यां काय नवीन आसा?" म्हणून मोकळा. त्याच्यासाठी आम्ही दुसरी रीत काढली. त्याचं कौतुक त्याला नाही, तो खळ्यात बसलेला असताना आल्यागेल्याला सांगायचं. "काकान यंदा बांध घातल्यान म्हणान शेती वाचली हां." तो मान खाली घालून सुपारी कातरत बसतो पण ऐकतो सगळं, आणि त्या दिवशी दोन घास जास्त जेवतो, काकीने स्वतः सांगितलंय.

आणि आपल्याकडे बोलायची रीत नाही हे मला पटत नाही. गाऱ्हाणं काय आहे मग? देवळात सगळ्या गावासमोर उभं राहून खणखणीत आवाजात घालतात, जी कोण लेकरां पोटापाण्यासाठी मुंबैक गेली आसत त्येंका सुखी ठेव रे म्हाराजा, आणि सगळा गाव म्हणतो व्हय म्हाराजा. मी मुंबईत असताना एका शिमग्याला रजा मिळाली नाही तर भावाने फोन चालू ठेवून ते ऐकवलं होतं. माझ्यासाठी शंभर माणसं एका आवाजात काहीतरी मागतायत, आणि त्यातल्या निम्म्यांशी माझं कधी धड बोलणंही झालेलं नाही. त्या वर्षी मला त्या एका गोष्टीने तारलं असं म्हटलं तरी चालेल.


गावातलीच (राजापूर)

पडवीताई, चांगलं लिहिलंत. मी चार घरांच्या चाव्या सांभाळते, म्हणजे तुमच्या काकी करतात तेच मी करते. म्हणून आमच्या बाजूचं लिहिते, कुणी राग मानू नका.

आम्ही करतो ते जीव आहे म्हणूनच करतो. त्यातल्या एका घरच्या आजींनी मला लहानपणी मांडीवर घेऊन भरवलंय, त्यांचं घर पडताना मला बघवणार नाही. पण माया वेगळी आणि मजुरी वेगळी, आणि दोन्ही द्या. अंगण सारवायचं म्हणजे शेण जमवण्यापासून अर्धा दिवस जातो, पावसात वाढलेलं गवत काढायचं म्हणजे कंबर मोडते, त्या दिवशी दुसरीकडे गेले असते तर रोज मिळाला असता. "तुम्ही तर घरच्याच" म्हणून पैशाचा विषयच काढायचा नाही हे मला कौतुक वाटत नाही. एका घरचे दादा आहेत, ते महिन्याच्या सुरुवातीला न मागता पाठवतात, फोन करून पोचले का विचारतात आणि मग पैशाचं बोलणं संपलं, पुढे माझ्या मुलाच्या बारावीचं, माझ्या गुडघ्याचं बोलतात. मुलाला कुठल्या कोर्सला घालायचं ते त्यांनी स्वतः माहिती काढून सांगितलं. त्यांचं घर उघडताना मला माझंच उघडल्यासारखं वाटतं.

दुसऱ्या एका घरची मंडळी गाडीतून उतरली की आधी परड्यात जाऊन नारळ मोजतात. मोजा, तुमचेच आहेत, पण आधी पाणी तरी प्या, कशी आहेस विचारा. त्या एका मोजण्याने वर्षभराचं केलेलं मनातून उतरतं. जुने कपडे देता तेव्हा धुऊन, बटणं लावून द्या. फोटो काढताना मला बाजूला उभं करून कॅमेरा हातात देऊ नका, एका तरी फोटोत मला घ्या आणि तो कागदावर छापून आणून द्या, मोबाईलमधला आमच्याकडे राहत नाही. आणि वर्षातून एकदा काम नसताना फोन करा. फोनवर नाव दिसलं की माझ्या पोटात गोळा येतो, काय फुटलं, काय गळलं, कुणी काय तक्रार केली. ज्या दिवशी "सहज केला गं" असा फोन येतो ना तो दिवस चांगला जातो.

चौथ्या घरची वहिनी आरतीला मला मागच्या दारात उभी राहू देत नाही. हाताला धरून पुढे आणते, टाळ हातात देते. हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.


निळाई

ताई, तुमची पोस्ट मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवली. दोघांनाही बोलायला काही सुचलं नाही.


सड्यावरचा

गावातलीच ताई, हात जोडून नमस्कार. आमच्याही घराची चावी एका मावशींकडे असते. आत्ताच आईशी बोलणं झालं, महिन्याचं ठरवून द्यायचं आम्ही नक्की केलं. छापील फोटोचं पण लक्षात ठेवलंय. आणि फणस पण पाठवणारच, त्यात बदल नाही.


चिपळूणची

22 जुलै 2021 च्या पुरात वाशिष्ठीचं पाणी आमच्या पहिल्या मजल्याच्या पायरीला लागलं होतं. पाणी ओसरल्यावर जो चिखल उरला तो बघून हातपायच गळाले. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घाटावरून आलेली कॉलेजची पोरं फावडी घेऊन थेट घरात शिरली, नाव नाही गाव नाही, संध्याकाळपर्यंत खालची खोली मोकळी करून गेली. माझ्या सासूबाईंचा देव्हारा चिखलातून काढून त्यातल्या एकाने नळाखाली धुतला, एकेक मूर्ती अंगठ्याने घासून. सासूबाईंनी त्याचा नंबर तेवढा मागून घेतला.

आता दर मे महिन्यात त्या त्याच्या पत्त्यावर आमसुलं आणि आंबापोळी पाठवतात, आणि बरोबर स्वतःच्या हाताने लिहिलेलं पत्र. त्यात उपकार वगैरे शब्द नसतात, घरातली खबर असते, देव्हाऱ्याला नवं पॉलिश केलं, नातू चालायला लागला, यंदा पाणी बाजारपेठेत आलं नाही. तो सांगत होता की त्याच्या आईने ती सगळी पत्रं जपून ठेवलीत. मला वाटतं ज्याने मदत केली त्याला पुढे काय झालं ते कळवणं हे फार मोठं देणं आहे. त्याने धुतलेला देव्हारा अजून वापरात आहे, हे त्याला कुणीतरी सांगितलं पाहिजे ना.


तांडेलाची_लेक (हर्णे)

चिपळूणची, शेवटचं फार पटलं.

आमच्या बोटीवर नेपाळचे खलाशी आहेत, आता बऱ्याच बंदरांत असतात. ऑगस्टला बोटी समुद्रात निघाल्या की महिनोन् महिने घर सोडून. माझी आई त्यांच्यातल्या कुणाला तिखट चालत नाही, कोण मंगळवारी मासे खात नाही हे सगळं लक्षात ठेवून डबा भरते. बोट किनाऱ्याला लागली की बाबा आधी त्यांना आमच्या ओटीवर बसवतात, वायफायचा पासवर्ड दिलेलाय, घरी व्हिडिओ कॉल करून घ्या मग मासळीचं बघू. एकाची बायको आणि माझी आई एकमेकींची भाषा न कळता फोनवर हसत असतात. मेअखेर मासेमारीची बंदी लागायच्या आधी ते गावी निघतात तेव्हा आई प्रत्येकाच्या पोरांच्या मापाचे कपडे देते, मापं फोनवरच विचारून घेतलेली असतात.

आईचं कौतुक कोण करतं म्हणाल तर हेच खलाशी. बाबा समुद्रावर गेले की ती लिलावात उभी राहते, हिशेब ठेवते, घर बघते. जून-जुलैच्या बंदीत बाबा जाळी विणायला बसतात तेव्हा पुढच्या हंगामाचं ठरवतात, तर आता दोन वर्षं झाली, "तुझ्या आईला विचारल्याशिवाय नको" म्हणतात चारचौघांत. गेल्या वर्षी नवं इंजिन घ्यायचं की नाही ते आईने ठरवलं. मला यापेक्षा मोठं प्रेम माहीत नाही.


टाळकरी (सावंतवाडी)

गणपतीत आमचं भजन घरोघर फिरतं आणि प्रत्येक घरी उसळ-पाव नाहीतर चहा असतो. वाडीतल्या बायका रात्री बारा वाजेपर्यंत चुलीपाशी, भजन त्यांना भिंतीपलीकडूनच ऐकू येतं. आमच्या बुवांनी एक गोष्ट सुरू केली, गजर चालू करायच्या आधी विचारतात, "घरातल्या बायका येऊन बसल्या काय?" त्या येईपर्यंत पखवाजावर थाप पडत नाही. वाढायला मग आम्ही पोरं उठतो. पहिल्या रात्री एक वहिनी पदराला हात पुसत बसल्या आणि त्यांनीच पुढचा अभंग सांगितला, त्यांच्या माहेरी वडील बुवा होते हे आम्हाला तेव्हा कळलं. आता त्या गातात आमच्याबरोबर.


पडवी

किती सुंदर लिहिलंयत सगळ्यांनी, मी परत परत वाचतेय. गावातलीच ताई, एक विचारू? काकींना महिन्याचे पैसे द्यायचं आमच्या मनात आहे पण त्या घेणार नाहीत, रागावतील सुद्धा. कसं करावं?


गावातलीच

किती हवेत असं त्यांना विचारू नका, "काही नको" हेच उत्तर येणार. वाडीत सध्या मजुरीचा रोज किती चाललाय ते दुसऱ्या कुणाकडून काढा आणि कामाच्या नावाने द्या. हे गवताचे, हे सारवणाचे, हे फोनच्या रिचार्जचे. दिव्याचे मात्र देऊ नका, दिवा त्या स्वतःच्या मनाने लावतात. पैसे पाकिटात घालून एकटीच्या हातात द्या, सगळ्यांसमोर नको, आणि कौतुक मात्र सगळ्यांसमोर करा.

आणि साडीऐवजी एक करा. तुम्ही गणपतीला गाडी घेऊन येता ना? मग एक दिवस गाडी त्यांची. डोळ्याच्या डॉक्टरकडे जायचं असेल, बँकेत, नाहीतर माहेरी. आमच्या वयाच्या बायकांना माहेरी जायचं तर दोन एसट्या बदलाव्या लागतात आणि संध्याकाळच्या आत परत फिरावं लागतं, त्यामुळे जाणंच होत नाही. माहेरचे गणपती बघून किती वर्षं झाली ते विचारा त्यांना.


पडवी

ताई, वाचलं आणि लगेच काकींना फोन केला. माहेर वेळणेश्वरला, म्हणजे गाडीने किती जवळ! आधी "कशाला तुमचा खोळंबा" वगैरे झालं, मग म्हणाल्या पंचमीला नको, घरात ऋषीची भाजी असते, गौरी गेल्या की दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर निघू, आणि जाताना भावाला शहाळी न्यायची आहेत तेव्हा डिकी मोकळी ठेवा.